भाव भागिले कमाई

...नाही, थांबा, बाकीचं नंतर, आधी मला एक सांगा, सहा हा आकडा लहान की मोठा? काय? कशाचे सहा? हां! बघा! हेच मी विचारलं नाही! तुम्ही इथे बसल्या बसल्या, अर्ध्या मिनिटात जो प्रश्न विचारलात, तो मला, एकसष्ट वर्षांच्या माणसाला, एकतीस वर्षं वीज कंपनीत घासलेल्या माणसाला सुचला नाही. मला फक्त कानात सांगितलं गेलं, सहा हो, फक्त सहा! आणि मी निघालो चेकबुक घेऊन.

तुम्हाला सांगतो, मी शेअरबाजारातला माणूस नाही. मी बॉयलरचा माणूस. कंट्रोल रूममध्ये बसायचं, समोर भिंतभर काटे, दर तासाला त्यांचे आकडे रजिस्टरात उतरवायचे, दाब किती, तापमान किती, पाणी किती. आणि आमच्याकडे एक रीत होती, पाण्याच्या काट्यावर एकट्यावर विसंबायचं नाही. काटा कितीही ठणठणीत दिसू दे, पाळीला एकदा माणूस उठणार, सहा मजले जिने चढणार, बॉयलरच्या अंगाला एक काचेची नळी असते तिच्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघणार, आणि मग खाली येऊन सही करणार. कारण पाणी संपलं आणि काटा अडकलेला असला तर... जाऊ दे. माझे दोन्ही गुडघे त्या जिन्यांत गेले. एकतीस वर्षांत एकदाही नळी न बघता मी सही केली नाही. एकदाही नाही! आणि हाच माणूस रिटायर झाल्यावर सातव्या महिन्यात काय करतो?

सांगतो. आमच्या हिशेब खात्यात एक गृहस्थ होते, माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झालेले, त्यांना आम्ही भागाकार म्हणतो. तोंडावर नाही, मागे. कारण त्यांना काहीही सांगा, ते त्याला कशाने तरी भागतात. मुलीचं लग्न म्हणाल, तर खर्च भागिले पाहुणे. बायको आजारी म्हणाल, तर औषधं भागिले दिवस! हे सकाळी बागेत तिसऱ्या बाकावर बसतात, पेपरची घडी मांडीवर, आणि नाकातून बोलतात, "बघा हं, सोप्पं आहे. आपल्याच कंपनीचा शेअर. भाव किती? नव्वद. वर्षाला एका शेअरमागे कंपनीची कमाई किती? पंधरा. भाव भागिले कमाई, आले किती? सहा! याला म्हणतात पी-ई. म्हणजे काय, तर ह्याच गतीने कमावत राहिली तर सहा वर्षांत तुमचा भाव वसूल. आता बाकीच्या वीज कंपन्या बघा, कोणी सोळा, कोणी अठरा, कोणी वीस. आणि आपली? सहा हो, फक्त सहा! अठराला गेली तर भाव किती होईल? काढा, काढा. दोनशे सत्तर! लोकांना दिसत नाही म्हणून पडून आहे."

दोनशे सत्तर! मी बाकावरून उठलो तेव्हा गुडघेसुद्धा दुखले नाहीत हो.

आता माझे स्वतःचे पैसे घातले असते आणि बुडाले असते, तर मी इथे तुमच्यापुढे गळा काढला नसता. घातलेच मी माझे, नाही असं नाही, पण निम्मेच, कारण उरलेले निम्मे बायकोने स्वतःच्या नावावर अशा ठिकाणी ठेवलेत की ते मला अजून माहीत नाही, आणि म्हणून आज घरात दोन वेळा चूल पेटतेय. पण मी ताईचे घातले. ताईचे! सगळे!

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. सात वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा ती पंधराची, मी आठचा. आम्ही मामाकडे राहिलो. ती शाळा सोडून युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवायला लागली, आणि माझी फी भरली तिने, माझी पुस्तकं, माझं आयटीआय, सगळं त्या मशीनवर. मग लग्न झालं, सासरी राहिली. नवरा गेला, मूलबाळ नाही, तर दिराच्या घरी राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर कोणाच्या तरी घरात. दिराकडे ती स्वयंपाकघरात अंथरूण घालते, सगळ्यांचं आवरल्यावर, आणि सगळ्यांच्या आधी गुंडाळते. चाळीस वर्षांची बचत आणि कारखान्याने शेवटी दिलेले, एवढं तिच्याकडे होतं. तिने एक खोली बघून ठेवली होती. तिसरा मजला, एक खिडकी, न्हाणीघर गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. मला म्हणाली, "दाराला आतून कडी आहे. मला तेवढं पुरे."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ताई, असं काय करतेस, या वयात पहाटे बादली घेऊन गॅलरीतून जाणार? एक वर्ष थांब. आपण आत न्हाणीघर असलेली घेऊ. मोठी घेऊ!" आणि तिला पेपर दाखवला. सहा, ताई, फक्त सहा!

तिने चष्मा लावला. पेपर जवळ धरला, लांब धरला. मग काय विचारावं? "हे पंधरा कुठून आले रे?"

"कंपनीने कमावले."

"कसे?"

"अगं वीज विकून! आणि कसे?"

"पण तुमचं दोन नंबर बंद झालं ना गेल्या वर्षी? तू घरी येऊन रडला होतास."

"ताई, ते वेगळं, हे वेगळं."

वेगळं! तुम्हाला सांगतो, माझ्या जिभेला हाड नाही हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कारण दोन नंबरचं युनिट बंद झालं तेव्हा तिथे कोण होतं? मी! वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह कोणी बंद केला? मी! साहेब म्हणाले, "तुम्ही सगळ्यात जुने, मान तुमचा." मी दोन्ही हातांनी ते चाक फिरवलं, आणि तो आवाज... तीस वर्षं कानात बसलेला आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. मग इतकी शांतता झाली की कोणीतरी खोकलं ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं. मग टाळ्या. मग मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्या महिन्यात तिथे भंगारवाले आले, चिमणी पाडली, जमीन मोजणारे फिरले, आणि सगळं विकलं. हे मी बघितलं! कुंपणाला धरून उभं राहून बघितलं!

मग ते विकल्याचे पैसे कुठे गेले असतील? अहो, त्या पंधरात! पंधरातले अकरा तिथले! घर विकून आलेले पैसे पगारात धरावेत तसे धरलेले, आणि कंपनीने लपवलंसुद्धा नव्हतं हो, वार्षिक अहवालात लिहिलं होतं, पान एकशे बारा, टीप चौतीस, मुंगीएवढ्या अक्षरात, "जुन्या युनिटची जमीन व यंत्रसामग्री विकून झालेला एकवेळचा नफा." एकवेळचा! युनिट काय दरवर्षी विकायला येतं का? राहिले चार, तेही त्या वर्षी कोळसा स्वस्त आणि विजेला दर चांगला म्हणून. म्हणजे खरा भागाकार केला तर नव्वद भागिले चार, साडेबावीस! सगळ्यांत महाग वीज कंपनी आमची! आणि मी, ज्याने ते युनिट स्वतःच्या हाताने बंद केलं, त्याने ते चालू समजून विकत घेतलं. बहिणीच्या पैशाने. हा गाढवपणा बाहेरचा माणूस करू शकत नाही. त्यासाठी एकतीस वर्षं आत काढावी लागतात.

अहवाल घरी आला होता. पाकीट मी फोडलंच नाही. टेबल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली घातलं. हो! हसा! बायकोसुद्धा हसली, आणि सगळं होऊन गेल्यावर तिनेच ते ओढून काढून वाचायला माझ्यापुढे ठेवलं.

तर वर्ष गेलं. निकाल लागला. कोळसा महागला, विकायला युनिट उरलं नाही, आणि शेअरमागे कमाई आली तीन. पंधराचे तीन! भाव नव्वदवरून घसरला, ऐंशी, सत्तर, साठ, मी रोज म्हणायचो आता थांबेल, आणि तो थांबला पंचेचाळीसवर. निम्मे! मी बागेत धावत गेलो. धावत म्हणजे माझं आपलं, गुडघ्यांच्या हिशेबाने. भागाकार तिसऱ्या बाकावर. म्हटलं, "अहो, हे काय झालं? आता तरी स्वस्त आहे ना? सरासरी करू का? आणखी घेऊ का?"

तर नाकातून, अगदी शांतपणे, "छे छे, आता हात लावू नका. महागलाय."

"महागलाय? भाव निम्मा झालाय!"

"बघा हं, सोप्पं आहे. भाव पंचेचाळीस, कमाई तीन. पी-ई किती? पंधरा. तुम्ही सहाला घेतलात, आता पंधरा आहे. अडीचपट महाग!"

आता सांगा, या माणसाचं काय करायचं? पैसे निम्मे झाले आणि वस्तू अडीचपट महाग झाली, आणि भागाकार बरोबर! मी घरी येऊन कागदावर तीनदा करून बघितला. बरोबरच येतो! मी त्यांना विचारलं, तुम्ही किती घातलेत? तर म्हणाले, "मी? मी शेअर घेत नाही. मला फक्त आकडे बघायला आवडतात."

मग ताईला सांगणं आलं. तीन आठवडे मी गेलो नाही. फोन आला की बायकोला म्हणायचो, सांग, झोपलोय. शेवटी बायको म्हणाली, "अहो, किती झोपणार? वन्सं वेड्या आहेत का?" तेव्हा गेलो. दिराच्या घरी दुपारची वेळ, सगळे कामावर, ताई स्वयंपाकघरात कोणाच्या तरी स्कर्टची पट्टी घालत बसलेली. मी सगळं पाठ करून गेलो होतो, बाजार, कोळसा, जागतिक परिस्थिती. तोंड उघडलं आणि एवढंच आलं, "ताई, निम्मे राहिले."

तिने टाका पुरा केला. दोरा तोडला. म्हणाली, "मला माहीत आहे. भाव पेपरात रोज येतो. मी रोज बघते. तू कधी सांगतोस ते बघत होते."

मी म्हटलं, "ताई, मला वाटलं तुला आत न्हाणीघर..."

"मला नको होतं रे न्हाणीघर," ती म्हणाली. "ते तुला हवं होतं. मला सांगायला हवं होतं तुला, की बहिणीला घेऊन दिलं."

लाज वाटली हो. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, तिने चढवला नाही. मी तिथेच ओट्याला टेकून रडलो, साठी उलटलेला माणूस, आणि तिने मला पाणीसुद्धा दिलं नाही. बसून राहिली. बरोबर केलं.

मग म्हणाली, "कागद आण. तुझा तो भागाकार कर."

"कशाचा, ताई?"

"ती खोली गेली, पण त्या इमारतीत दुसरी निघेल. तिला आता मला जेवढे कमी पडतात, ते वर लिही. मी पुन्हा शिवायला घेतलं, कारखान्याचं काम घरी आणलं, तर वर्षाला माझे जेवढे सुटतात, ते खाली लिही. किती आले?"

मी केलं. म्हटलं, "बारा."

"बारा म्हणजे स्वस्त का महाग?"

तीच म्हणाली, "मी अडुसष्टची. बारा म्हणजे ऐंशी. महाग." मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, लहानपणी शाळेत पाठवताना बघायची तसं, आणि म्हणाली, "तू दिवसभर काय करतोस रे हल्ली?"

"बागेत जातो."

"आता नको जाऊस. तुझी कमाई धरून कर."

धरली. आठ आले. अडुसष्ट आणि आठ, शहात्तर. ती म्हणाली, "जमेल. ऊठ."

तर असं आहे. मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आलंय. ती सकाळी नऊला येते, सहाला जाते, दिराकडेच. बायको म्हणते, "वन्सं, इथेच राहा की," तर म्हणते, "राहीन तर माझ्या खोलीत राहीन." ती शर्ट शिवते, मी काजं-बटणं करतो. दिवसाला बारा शर्ट, शर्टाला सात, चौऱ्याऐंशी बटणं. संध्याकाळी मी सांगतो, "ताई, चौऱ्याऐंशी झाली, सगळी पक्की!" ती हो म्हणते, चष्मा लावते, आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी ओढून बघते. मला राग यायला हवा, नाही का? पण काय करणार, रोज दोन-तीन निघतातच हो तिच्या हातात.