हौसाक्काचा चौरंग

मंडळी, जरा पुढं सरका. ते खांबाला टेकलेत ना, तेसुद्धा! तुम्ही सोडलात तरी खांब पडत नाही, काळजी नको.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. दोन माणसांच्या हातून एकच चूक झाली. पहिल्याला त्यातलं काही कळतच नव्हतं. दुसऱ्याला सगळं कळत होतं, पण तो म्हणाला — "चालतंय तेवढं!" सांगा, दोष कुणाचा मोठा? ... नको, आत्ता नका सांगू. आत्ता सगळे बरोबर उत्तर देतील. केरबा सुताराची गोष्ट ऐका, मग सांगा.

भुदरगडाकडच्या डोंगरात केरबाचं गाव. साठीला आलेला माणूस, पण हात कसा? दाराची चौकट बसवली तर कागद सरकायला फट नाही! आणि त्याची खरी ख्याती कशात होती ठाऊक आहे का? चिकटवण्यात! हसू नका! लाकूड कापणारे गावोगाव भेटतील. पण कुठल्या लाकडाला काय लावायचं, हे केरबालाच विचारायचं.

आमच्या पेटीवाल्यांच्या पेटीची एक पट्टी सुटली होती. ते गेले केरबाकडं. म्हणाले, "लाव की तो पांढरा गम आणि दे लगेच." केरबा म्हणतो, "न्हाई मास्तर. ह्याला शिजवून लावायचा सरसच पायजे. उद्या पेटी उघडायची पाळी आली तर सरस गरम केला की सुटतो, लाकूड फाटत न्हाई. पांढरा गम लावला तर पुढच्या सुतारानं काय पेटी फोडायची?"

बघा! आपल्यानंतर येणाऱ्या सुताराची काळजी!

कुणाच्या खुर्चीचा पाय निघाला तर आधी जुना गम पार खरवडून काढायचा. म्हणायचा, "जुन्यावर नवा धरत न्हाई. तो लाकडाला चिकटायला पायजे, गमाला न्हवं." सांधा शिकंज्यात आवळायचा आणि एक दिवस, एक रात्र हात लावू द्यायचा नाही. गिऱ्हाईक उभं राहिलं तर म्हणायचा, "घरी जा. तुमी बघत बसला म्हणून लवकर वाळत न्हाई त्ये." आणि पाण्यात जाणारी वस्तू असेल, तर विषयच नाही! डब्यातला वॉटरप्रूफ गम काढायचा. पांढरा गम कपाटाला चांगला, पलंगाला चांगला; रोज पाणी लागलं की तो मऊ पडतो. शेंबड्या पोरालाही समजावं असं तो सांगायचा.

तर असा हा केरबा. आणि त्याची थोरली बहीण — हौसाक्का.

आई लहानपणीच गेली. आक्कानं ह्याला काखेत घेऊन वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा चार वर्षांत गेला, आणि ती परत आली ती ह्याच घरात राहिली. केरबाच्या बायकोची दोन बाळंतपणं तिनं काढली. नणंद-भावजयीचं भांडण? छे! दोघी मिळून केरबाशी भांडायच्या!

वय झालं, आक्काचे गुडघे धरले. खाली बसून अंघोळ होईना. एक दिवस सकाळी चहा देताना म्हणाली, "केरबा, न्हाणीत बसायला एक उंच चौरंग करशील का रं? उठताना भिंत धरून उठावं लागतंय."

"एवढंच ना आक्का? आज करतो!"

आणि खरंच त्याच दिवशी करायला घेतला. सागाच्या उरलेल्या फळ्या होत्या, पाय होते. खाचा पाडल्या. गम लावायला डबा उघडला — वॉटरप्रूफ गम तळाशी थोडाच! आणि गावातल्या डॉक्टरीणबाईंच्या बागेतला बाक अर्धा झालेला. पावसात राहणारा बाक. तो गम त्यासाठी ठेवलेला. नवा डबा आणायला गारगोटीला जावं लागणार.

केरबानं डब्याकडं बघितलं. शेजारी पांढऱ्या गमाची बादली. मंडळी, इथं थांबा! ह्या जागेवर माणूस घसरतो. न्हाणीत नाही, इथं!

तो मनाशी म्हणाला, "घरचंच हाय. सध्या हा लावू. पुढच्या आठवड्यात गारगोटीला जाईन, डबा आणीन, हा पाण्यानं सोडवून पुन्हा नीट करीन."

पांढरा गम लावला. चौरंग उभा राहिला. दिसायला काय सुंदर! आक्काला म्हणाला, "आक्का, सध्या वापर. पुढच्या आठवड्यात मी ह्यो पक्का करून देतो."

आक्का म्हणाली, "बरं बाबा."

डॉक्टरीणबाईंचा बाक वेळेवर पोचला. बाई म्हणाल्या, "केरबा, तुमच्यासारखा कारागीर नाही!" केरबा खूश. मग शाळेची बाकं आली. मग कुणाचं देवघर. तो पुढचा आठवडा — तुम्हाला ठाऊक आहे तो आठवडा! तुमच्या-माझ्या कॅलेंडरात पण आहे. येतच नाही!

आमचे पखवाजवाले मान खाली घालून हसताहेत. ह्यांच्या सौभाग्यवती तीन वर्षं सांगताहेत, स्वयंपाकघराच्या दाराची कडी लागत नाही. आणि पखवाजाला मात्र रोज नवी कणीक! हसा, हसा. मीही त्यातलाच. गावोगाव उभा राहून मी दोन-दोन तास बोलतो. घरी बायको काही विचारते, तर म्हणतो — "हं." दोन तासांतलं एक वाक्य तिच्यासाठी उरत नाही!

असो. सात महिने गेले.

एका सकाळी न्हाणीतून आवाज आला. केरबाची बायको धावली. आक्का खाली पडलेली, पाणी अंगावरून वाहतंय, आणि उठता येईना. खुब्याचं हाड मोडलं होतं.

कोल्हापूरला नेलं. ऑपरेशन झालं. केरबा दोन दिवस तिथंच बसून. तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आला आणि न्हाणीत गेला. चौरंग आडवा पडलेला. एक पाय खाचेतून निघालेला. केरबानं खाचेत बोट घातलं. गम दुधासारखा पांढरा, मऊ. नखानं निघत होता. आणि मंडळी — त्या पायाला चिंधी बांधलेली होती. आक्काच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी. आडवी, उभी, चार फेरे, वर गाठ.

म्हणजे पाय हलत होता. किती दिवस हलत होता, कुणाला ठाऊक. तिनं सांगितलं नाही. तिनं बांधला, आणि बसत राहिली.

केरबा तिथंच ओल्या फरशीवर बसला.

दवाखान्यात परत गेला तो ठरवून — आज बोलायचं. पण खाटेभोवती गावातली माणसं! कुणीतरी विचारलंच, "आक्का, चौरंग मोडला म्हणं?" आणि आक्का काय म्हणाली?

"चौरंगाला काय हुतंय? माझ्या भावानं केल्याला त्यो! माजाच पाय निसटला. साबण हुता खाली."

सगळ्यांनी मान डोलावली. आणि केरबा? केरबा गप्प राहिला! पहिली चूक हाताची होती हो. ही दुसरी. गाव म्हणत राहिलं, साबणावरून म्हातारी पडली. केरबाची कामं चालूच राहिली. लोक तसंच विचारायला यायचे, "केरबा, ह्याला कुठला गम?" तो सांगायचा. आणि सांगून झालं की खाली बघून रंधा ओढायला लागायचा.

आक्का घरी आली, पण पुन्हा उभी राहिली नाही. केरबा गारगोटीला गेला. आता गेला! नवा डबा आणला. उत्तम सागाची खुर्ची करायला घेतली. न्हाणीत बसायची, हात टेकायला दोन्हीकडं गोल दांडे. खाचा अशा घट्ट की केस शिरू नये. योग्य गम. शिकंजे दोन दिवस ठेवले. ती खुर्ची उचलून आक्काच्या खाटेपाशी नेली.

आक्कानं दांड्यावरून हात फिरवला. म्हणाली, "लई गुळगुळीत झालीया रं." मग म्हणाली, "पण आता मला न्हाणीत कोण न्हेतंय? खाटेवरच पुसत्यात. कुणाला तरी दे, वापरात येईल."

तेव्हा केरबा कोसळला. तिच्या पायाशी बसला. "आक्का, त्यो चौरंग... मी पांढरा गम लावला हुता. पाण्यात सुटणार, मला ठावं हुतं आक्का. मला ठावं हुतं!"

आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मलाबी ठावं हुतं."

"तुला?"

"मी कुणाची लेक हाय रं? तू रांगत हुतास तवा बाच्या हाताखाली मी सरस शिजवलाय. त्यो सरसबी पाण्यात सुटायचा. म्हणून न्हाणीतल्या पाटाला बा सरस लावायचाच न्हाई, लाकडाची मेख ठोकायचा. तू बादलीतला पांढरा काढलास तवाच मी दारातनं बघितलं."

"मग बोलली का न्हाईस, आक्का?"

"तू म्हणालास न्हवं, पुढच्या आठवड्यात करतो? ... मी वाट बघत हुते."

...

विठ्ठल, विठ्ठल.

मंडळी, ती रागावली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या, तर केरबा रडून मोकळा झाला असता. पण ती वाट बघत होती! ज्याच्या शब्दावर आपण सहज उभं राहावं, त्याच्या शब्दावर ती रोज सकाळी त्या हलत्या चौरंगावर बसत होती.

अकरा महिने खाटेवर काढून हौसाक्का गेली. तिच्या उत्तरकार्याला कीर्तन माझं होतं. मी तिथं होतो, म्हणून सांगतोय. कीर्तन संपलं, आरती व्हायची होती, आणि केरबा उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "माझी आक्का साबणावरनं पडली न्हाई. मी चुकीचा गम लावला हुता. जाणून लावला हुता. माजं नाव जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली, आन मी तिला बोलू दिलं."

माणसं पुढं झाली समजूत घालायला. "अरे, वय झालं होतं तिचं! होणारं चुकत नाही!" केरबा म्हणाला, "तसं म्हणू नका. तेवढा दोष तरी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

त्यापुढं मला बोलता आलं नाही. मी एवढा बोलणारा! आरतीसुद्धा दुसऱ्यांनी धरली.

ती खुर्ची आज गावच्या आरोग्य केंद्रात आहे. बाळंतिणी तिच्यावर बसून अंघोळ करतात. चांगलं काम आहे. सांधा हललेला नाही. पण जिच्यासाठी केली, ती एकदाही तिच्यावर बसली नाही.

आता सांगा दोष कुणाचा मोठा. बघा — आता कुणी बोलत नाही! कारण मघाशी दोष दुसऱ्याचा होता.

अहो, न कळणाऱ्याला देव शिकवील. पण आपल्याला कळतं! बाहेरच्या माणसाला काय द्यायचं, किती नीट द्यायचं, सगळं कळतं. चांगलं त्यांना देतो, आणि तळाशी राहिलेलं घरी आणतो, कारण घरची माणसं तक्रार करत नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. त्या गप्प बसलेल्या माणसानं तुमचा शब्द धरून ठेवलेला असेल. तुम्ही विसरलात. तो विसरलेला नाही.

आज इथं बुक्का लागेल, प्रसाद मिळेल. घ्या. मग घरी जा, आणि तुमच्या घरात जे कुणी कधीच काही मागत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसा. विचारा — "मी तुला काय करतो म्हणालो होतो?"

उत्तर लगेच मिळेल. त्यांना पाठ असतं.