डावा खांदा, दोन बोटं उतरता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ औषधवाले काका, प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई, सत्कारमूर्ती टेलरमास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आजपासून दुकानाची धुरा सांभाळणारी मास्तरांची लेक, आणि मास्तरांच्याच हातचे कपडे घालून मास्तरांना निरोप द्यायला जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी शाळेत कवायत शिकवली. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ या दोन शब्दांवर ज्याची नोकरी निघाली, त्याला भाषणाला उभं करणं हे संयोजकांचं धाडस आहे. तरी मी तयारी केली होती. गौरवपर चार पानं लिहून आणली होती. ती खिशातच राहणार आहेत. कारण इथे यायच्या आधी, पडद्यामागे हा नवा कोट अंगात घातला आणि मला मोठा धक्का बसला. काय झालं ते सांगतो. पण क्रमाने. कवायतीत क्रम चुकला की पुढचा माणूस तुडवला जातो.

मास्तरांची एक खोड तुम्ही सगळे जाणता. त्यांना माणसाचं नाव लक्षात राहत नाही आणि माणसाचं माप विसरता येत नाही. म्हणून त्यांच्या त्या पत्र्याच्या पेटीतल्या मापाच्या कार्डांवर नावच नसायचं. वरच्या ओळीत असायची ती खूण. मास्तरांना तुम्ही दिसता तशी! आत माप, खाली फोन नंबर. कार्ड वाचणारा माणूस एकच, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग लेक शिकून आली. “बाबा, या पेट्या हलवा आता. सगळं कंप्युटरमध्ये जाऊ दे.” मास्तर म्हणाले, “जाऊ दे, पण खुणेसकट. नावं घातलीस तर मला एकही गिऱ्हाईक सापडायचं नाही.” झालं. बाप वाचत गेला, लेक मान खाली घालून टाइप करत गेली. ‘ग्राहकाचे नाव’ या रकान्यात वरची ओळ! पोरीचा विचार असा की सावकाश नावं भरू. पण यंत्राला सावकाश हा शब्द माहीत नसतो. दुकानाचा वाढदिवस आला आणि त्याने आपल्या मनाने झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा धाडल्या.

अध्यक्षमहाराज, आपली परवानगी गृहीत धरतो. आपल्याला जो संदेश आला त्याची सुरुवात होती, ‘प्रिय पोट वर्षागणिक पुढे’. हसू नका, हसू नका! डॉक्टरीणबाईंना आला, ‘प्रिय श्वास रोखून माप देतात’. बाई, आपण आम्हाला तपासताना श्वास सोडायला सांगता, आणि स्वतः?

आणि मला आला, ‘प्रिय डावा खांदा दोन बोटं उतरता’.

मी मोठ्याने वाचला आणि खो खो हसलो. हिला म्हटलं, “बघ, कुणा बिचाऱ्याचा निरोप माझ्याकडे आलाय.” ही हसली नाही. “चुकून आला असेल,” म्हणाली, आणि तेच कपाट पुन्हा पुसायला लागली.

मी दुकानाकडे निघालो. तिथे ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाच्या नाकाचा शेंडा रागाने लाल. पोरगी कोपऱ्यात रडतेय, मास्तर हातात कात्री धरून उभे. मला राहवलं नाही. ओरडलो, “एका रांगेत उभे राहा! खांदे सरळ!” आणि सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहिले. माझी वेळ आली तेव्हा म्हटलं, “मास्तर, माझी काही तक्रार नाही. फक्त हा दुसऱ्याचा निरोप त्याला पोचता करा.”

मागे वळून पाहिलं. मघापासून तावातावाने भांडणारी माणसं, कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी छताकडे. औषधवाले काका, तुम्ही तर चष्मा पुसत होता. मित्रहो, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं! एवढ्या मोठ्या गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस एकच, आणि तो ‘खांदे सरळ’ म्हणून ओरडत होता!

“मास्तर,” मी विचारलं, “हे खरं आहे?”

“सर,” ते म्हणाले, “तुमच्या आईंना मी शब्द दिला होता. तो मी पाळला. मशीनला सांगायचं राहून गेलं.”

लहानपणी मी माळ्यावरून पडलो होतो. पडलेलं मला आठवतं. हाड जरा खाली बसलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी मुळात भित्रा पोरगा, सावलीला घाबरणारा. आईने मला मास्तरांकडे नेलं. तेव्हा मास्तरांनी नुकतं दुकान थाटलं होतं, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आई त्यांना म्हणाली, “आधीच हा मान वर करत नाही. त्यात हे कळलं तर कायमचा वाकेल. तुम्ही एवढं करा, कपड्यातून त्याला सरळ करा. आणि याला कधी कळू देऊ नका.” तेव्हापासून माझ्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खांदा वेगळा बेतलेला, प्रत्येक कोटात डावीकडे कापसाची जाड पट्टी. तयार कपडे घरात आले तरी ही म्हणायची, “बाह्या लांब वाटतात, मास्तरांकडून करून आणते.” बाह्या! ज्या खांद्याच्या जोरावर मी पोरांपुढे छाती काढून उभा राहिलो, तो खांदा मास्तरांनी शिवलेला होता हो.

आणि आरसा? आमच्या कपाटाच्या दाराला टांगलेला आरसा जरा तिरका आहे. मी तो सरळ करायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरका. मी म्हणायचो, सुताराने खिळाच वाकडा ठोकून ठेवलाय. ही दुसऱ्या रांगेत बसलीय, विचारा तिला, तो कोण तिरका करायचं. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडलो. ती शांतपणे म्हणाली, “लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं. मुलगा सरळ आहे, खांदा तेवढा नाही. त्याला माहीत नाही आणि माहीत व्हायचं काही कारणही नाही.”

मग मी जुने फोटो काढून बसलो. प्रत्येक फोटोत आईचा हात माझ्या डाव्या खांद्यावर. प्रत्येक! मला वाटायचं, माया. आता वाटलं, म्हणजे हासुद्धा झाकायचा उद्योग! खरं सांगतो, फार लागलं मला. शाळेच्या क्रीडादिनाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, नव्हे, कुठल्या खांद्याने? मास्तरांच्या गल्लीतून जाणं टाकलं. हिच्याशी अबोला धरला. माणूस आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा ताठा मिरवतो, तीच त्याची नसावी?

अशात मास्तरांनी काम थांबवायचं ठरवलं, आणि लेक घरी आली. म्हणाली, “काका, चूक माझी आहे. बाबा शेवटचा कोट तुमचाच शिवणार म्हणतात. कसा शिवायचा तेवढं सांगा.” मी दुकानात गेलो, मास्तरांसमोर ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, “पट्टी नको. मी आहे तसा दिसू दे गावाला.” मास्तरांनी खडू उचलून कापडावर रेघ मारली. पोरीने कंप्युटरमध्ये नोंद केली, मी वाकून वाचली. ‘पट्टी नाही.’ आता त्या रकान्यात माझं नाव आहे, बरं का. सगळ्यांचीच आहेत.

तर हा तो कोट. मनाचा हिय्या करून पडद्यामागे घातला. तिथे मोठा आरसा आहे, अगदी सरळ लावलेला. पाहतो तर काय, खांदे सरळ! मी डावीकडे अस्तराच्या आत बोट घालून चाचपलं. पट्टी! कापसाची, जाड, नेहमीसारखी!

मास्तर शेजारीच हार सावरत उभे होते. मी म्हटलं, “मास्तर, मी नको म्हणालो होतो ना? कंप्युटरमध्येसुद्धा तसंच आहे!”

मास्तर म्हणाले, “सर, शब्द तुम्हाला नव्हता दिला.”

...क्षमा करा. पाणी देता का जरा?

आई जाऊन किती काळ लोटला. आणि तिचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे. ती मायाच होती. मला उगाच वाटलं की माया वेगळी आणि झाकणं वेगळं.

मास्तर, रागावू नका. मी हा कोट सगळ्यांसमोर काढतोय. आतला सदरा तयार घेतलेला आहे, तुमचा हात न लागलेला. पट्टी आत राहू दे, ती आता मी काढणार नाही. पण तुमच्या निरोपाच्या दिवशी एकदा तरी मला माझ्या स्वतःच्या खांद्यांवर उभं राहून तुम्हाला सलामी द्यायची आहे. हे पाहा. दिसतंय ना सगळ्यांना? मागच्या रांगेतली माझी शाळेतली मुलं आता मोकळेपणाने हसू शकतात. सावधान!

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. वहिनींचा, लेकीचा, आणि घरी आरसा तिरका करणाऱ्या बाईंचाही. बोलण्याच्या भरात कुठे तोल गेला असेल, काही वर-खाली झालं असेल, तर सांभाळून घ्या. तुम्हाला सवय आहे.