बॉयलरचे निम्मे पैसे

अक्षया : काका, हात लावू नका त्याला!

खासनीस : अगं, नुसतं बघतोय. बॉयलर माझा, घर माझं, आणि मी हातसुद्धा लावायचा नाही?

अक्षया : त्यावर लाल स्टिकर आहे. दिसत नसेल तर तनू वाचून दाखवेल.

(जानेवारी २००७, साउथ हॅरो. भाड्याच्या घराचं किचन. भाडेकरू अक्षया, घरमालक नंदू खासनीस, आणि त्यांना गाडीतून घेऊन आलेली त्यांची मुलगी तनू. तिघांच्याही अंगात कोट आहेत. बसा असं कुणी कुणाला म्हटलेलं नाही, आणि म्हणण्याची चिन्हंही नाहीत.)

तनू : 'डेंजर. डू नॉट यूज.' खाली साइन आहे, बाबा. काल संध्याकाळचा. सात वाजता.

खासनीस : ते लोक लावतातच स्टिकर. चिकटवलं की त्यांची जबाबदारी संपली. मी एकाहत्तर सालापासून या देशात आहे, मला नका शिकवू. पायलटची ज्योत विझली असेल, दुसरं काय. बटण वीस सेकंद दाबून धरलं की पेटतो. किती वेळा येऊन पेटवून दिलाय मी, विचार तुझ्या नवऱ्याला.

अक्षया : सहा वेळा.

खासनीस : बघ! मोजून ठेवतेस आणि वर माझ्यावरच ओरडतेस.

अक्षया : मोजायचीच सवय आहे मला. ऑफिसात मी लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका मोजते, त्याचा पगार घेते. सहा वेळा तुम्ही पेटवलात आणि सहाही वेळा माझ्या सासूबाई म्हणाल्या, ज्योत पिवळी दिसते. नागपूरला चाळीस वर्षं गॅसवर स्वयंपाक केलाय त्यांनी. ज्योत निळी हवी एवढं त्यांना कळतं. तुम्ही काय उत्तर दिलंत?

खासनीस : मला काय आठवतंय!

अक्षया : मला आठवतंय. 'सुप्रभाताई, इंग्लंडचा गॅस वेगळा असतो.'

तनू : बाबा!

खासनीस : गमतीत म्हटलं असेन.

अक्षया : काल मी सहा वाजता ऑफिसातून आले तर त्या इथे खाली पडल्या होत्या. इथे, तुमचा बूट आहे तिथे. ओट्यावर अर्धी मळलेली कणीक. हाका मारल्या तर डोळे उघडेनात. ही गंमत. महिनाभर म्हणत होत्या, डोकं दुखतं, मळमळतं. आम्हाला वाटलं थंडी बाधली. आलं घालून चहा देत होते मी त्यांना, चहा! दिवसभर याच किचनमध्ये बसायच्या, कारण घरात ऊब काय ती इथेच. आम्ही दोघं कामाला, आणि त्या दार लावून कार्बन मोनॉक्साइड घेत बसलेल्या. वास नाही, रंग नाही. कळणार कसं?

खासनीस : आता बऱ्या आहेत ना? तुझा यतीन फोनवर म्हणाला, बऱ्या आहेत.

अक्षया : शुद्धीवर आहेत. तोंडावर मास्क आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर... जाऊ दे, ते मी तोंडातून काढणार नाही. परवा सोडतील. सोडल्यावर त्यांना आणू कुठे? या बर्फात? म्हणून बोलावलं तुम्हाला. हा कागद घ्या. सकाळी गॅसवाला येऊन बघून गेला.

खासनीस : चष्मा गाडीत राहिला. तनू, वाच.

तनू : जुना बॉयलर रिपेअर नाही होणार. नवीन कंडेन्सिंग बॉयलर, नवीन फ्लू, म्हणजे धूर बाहेर जायचा पाइप, पाणी जायला ड्रेन, सगळे पाइप आतून साफ करणार. टोटल दोन हजार सातशे पन्नास.

खासनीस : किती?

तनू : टू थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड फिफ्टी.

खासनीस : इंग्रजीत सांगितलंस म्हणून कमी होत नाहीत ते! लूट आहे ही, दिवसाढवळ्या लूट. मी या देशात आलो तेव्हा एवढ्या पैशांत अर्धं घर येत होतं. आणि हे कंडेन्सिंग काय काढलंय? साधा बसवा म्हणावं.

अक्षया : साधा बसवता येत नाही. कायदा बदलून दोन वर्षं होत आली.

खासनीस : कायदा त्यांचा, खिसा माझा. हे बघ, ईलिंग रोडवर माझ्या ओळखीचा एक भाई आहे. दीडशे पौंडांत आतला भाग बदलून देईल. उद्याच्या उद्या.

अक्षया : त्याच्याकडे लायसन्स आहे?

खासनीस : हात आहेत.

अक्षया : घरमालकाने दरवर्षी गॅसची तपासणी करून सर्टिफिकेट द्यायचं असतं. दोन वर्षांत मी एकही बघितलेलं नाही.

खासनीस : मागितलंस का कधी?

अक्षया : नाही मागितलं! तिथेच माती खाल्ली मी. गणपतीत मंडळात भेटलात आणि म्हणालात, 'आपलीच माणसं आहोत, एजंट कशाला, करार कशाला, मला काका म्हण.' म्हटलं मी काका. काकांकडे कुणी सर्टिफिकेट मागतं? तुमच्या जागी कुणी गोरा असता ना, तर पहिल्या दिवशी मागितलं असतं. चावी घ्यायच्या आधी.

खासनीस : आणि भाडं? ते विसरलीस? बाजारात हजार चाललंय. मी साडेआठशे घेतो, आपली माणसं म्हणून.

अक्षया : कॅश घेता.

खासनीस : भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. म्हणतात ते खोटं नाही. घर देऊन बसलो आणि आता हिशेब ऐकतोय.

तनू : बाबा, ओसरी म्हणजे काय?

खासनीस : तू मध्ये बोलू नकोस. बरं, अक्षया, मी काही दगड नाही. एक तोडगा काढतो. निम्मे मी देतो, निम्मे तुम्ही द्या. विषय संपला.

अक्षया : निम्मे?

खासनीस : ऊब कोण घेणार? तुम्हीच ना?

अक्षया : निम्मे म्हणालात? आमची आई मरता मरता वाचली, आणि तुम्ही मला निम्मे मागता?

खासनीस : आवाज खाली. चूक कुणाची ते मी अजून बोललोच नाही. वयस्कर बाई, हॉस्पिटलात पडलेली, म्हणून गप्प बसलो. मला बोलायला लावू नकोस.

अक्षया : बोला ना. लावतेय बोलायला.

खासनीस : ते भिंतीतलं जाळीचं भोक कशासाठी असतं? बॉयलरला हवा लागते म्हणून असतं. आणि ते भोक बुजवलेलं होतं, यतीनने फोनवर सांगितलंय मला. आत चिंध्या कोंबून वरून टेप. गॅसवाल्याने लिहिलं असेलच. तनू, वाच.

तनू : लिहिलंय. 'एअर व्हेंट फुली ब्लॉक्ड.'

खासनीस : झालं! वारा येतो, थंडी वाजते, म्हणून सुप्रभाताईंनी भोक बुजवलं आणि बिल माझ्या गळ्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी. तू कौन्सिलला तक्रार घेऊन जाशील म्हणून धमकावतेस ना...

अक्षया : मी कौन्सिलचं नावसुद्धा काढलेलं नाही.

खासनीस : काढशील. पण जाण्याआधी विचार कर. तिथे गेलीस तर तुझी सासूच दोषी ठरेल. व्हिजिटर व्हिसावर आलेली बाई. तुमचंही परमिट वाढवायचं आहे म्हणे. नसत्या चौकशा मागे लागतात. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.

तनू : तुम्ही तिला थ्रेटन करता, बाबा?

खासनीस : समजावतोय.

अक्षया : भोक कुणी बुजवलं? पुन्हा एकदा सांगा.

खासनीस : तुझ्या सासूने.

अक्षया : नोव्हेंबरमधला गुरुवार. मी तुम्हाला फोन केला होता की घर तापत नाही, आई कुडकुडतात. तुम्ही दुपारी आलात. आम्ही दोघं कामावर. संध्याकाळी आई मला कौतुकाने सांगतात, नंदूभाऊ आले होते, स्टुलावर चढून स्वतः भोक बुजवून गेले, किती करतात हो आपल्यासाठी!

खासनीस : उचलली जीभ, लावली टाळ्याला. बघितलं कुणी? आजारी बाईचं डोकं ठिकाणावर नाही, ती काहीही सांगेल.

अक्षया : नोव्हेंबरमध्ये नव्हत्या आजारी! आणि बुजवून झाल्यावर सांबारवड्या कुणी खाल्ल्या? डब्यात भरून घरीही नेल्यात. डबा अजून परत आलेला नाही.

तनू : तो डबा आमच्याकडे आहे. स्टीलचा.

खासनीस : वड्या खाल्ल्या. वड्या खाणं हा गुन्हा नाही. भोक त्यांनीच बुजवलं, माझं एकच म्हणणं.

तनू : अक्षया, आतून काय निघाला? ते चिंध्या कुठे आहेत?

अक्षया : चिंध्या नाहीत त्या. गॅसवाल्याने सकाळी ओढून काढलं, सिंकखाली ठेवलंय. फेकू नका म्हणाला.

तनू : हे? ह्या पिशवीत?

खासनीस : टाक ते. घाण आहे. हात काळे होतील.

तनू : एक मिनिट.

खासनीस : तनू, टाक म्हटलं ना!

तनू : बाबा, ही माझी कार्पेट आहे.

खासनीस : काहीतरीच.

तनू : ही माझ्या बेडरूमची कार्पेट आहे. आपल्या केंटनच्या घरातली. ब्राउन, ऑरेंज फुलं. तुम्ही काढून गराजमध्ये रोल करून ठेवली होती.

खासनीस : तसली कार्पेटं त्या वेळी हजार घरांत होती.

तनू : नेल व्हार्निशसकट? हा बघा डाग. मी नऊ वर्षांची होते, बाटली सांडली. तुम्ही इतके ओरडले मला. 'हा डाग आता जन्मात जायचा नाही' म्हणाले. गेला नाही, बाबा. इथेच आहे.

खासनीस : अगं, वारा येत होता. थंडगार वारा. बाई शाल गुंडाळून बसली होती. मला वाईट वाटलं. चांगल्यासाठीच केलं मी ते.

अक्षया : मग मघाशी कोण खोटं बोलत होतं?

खासनीस : आम्ही स्वतः केंटनला वीस वर्षं भोक बुजवून राहिलो! काही झालं का आम्हाला?

तनू : मला सारखी डोकं दुखायची.

खासनीस : ते अभ्यासाचं होतं.

तनू : माझी मम पण तेच म्हणायची. शाळेत नाही जायचं म्हणून नाटक करते. विंटरमध्येच दुखायची, बाबा. समरमध्ये कधी नाही.

खासनीस : असं काही नव्हतं. तू... तेव्हा सगळेच बुजवायचे गं. गॅसची बिलं बघितली असतीस तर कळलं असतं तुला. पै पै करून घर केलं आम्ही.

अक्षया : ते घर करताना केलंत. हे घर तर भाड्याचं आहे. इथे पै पै आमची होती आणि हवाही आमचीच तोडलीत. नवा बॉयलर घालायचा नव्हता, म्हणून कार्पेट घातलंत. एवढंच झालंय. आणि ते झालं ते झालं, पण त्या बाईंवर ढकलताना जीभ कशी रेटली तुमची?

खासनीस : तिला सांगितलंस का हे? सुप्रभाताईंना? की त्या भोकामुळे झालं?

अक्षया : नाही. त्यांना वाटतंय त्यांचंच चुकलं. सकाळी मास्क बाजूला करून पहिलं काय बोलल्या, ऐकायचंय?

खासनीस : काय?

अक्षया : 'मी दार लावून बसले गं, म्हणून झालं. नंदूभाऊंच्या बॉयलरचं नुकसान झालं असेल. निम्मे पैसे आपण देऊन टाकू.'

खासनीस : निम्मे म्हणाल्या?

अक्षया : निम्मे. तुमच्या तोंडून तोच शब्द आला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्यांनी तो लाजेने म्हटला होता.

खासनीस : ...तनू, त्या कागदावर गॅसवाल्याचा नंबर आहे का?

तनू : आहे.

खासनीस : उद्याच ये म्हणावं. परवाच्या आत झालं पाहिजे. सगळे मी देतो. चेकने.

अक्षया : सर्टिफिकेटची कॉपी मला हवी. आणि करार. लेखी, तारखेसकट. आणि ऐका, बॉयलर बसला म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. कौन्सिलला जायचं की नाही ते आम्ही ठरवू, मिस्टर खासनीस.

खासनीस : काका म्हणायचं सोडलंस.

अक्षया : फार महाग पडलं.

खासनीस : वॉर्ड कितवा? नाही, मी... भेटून येतो त्यांना.

अक्षया : चौथा मजला. चारनंतर आत सोडतात. यतीन तिथेच आहे, त्याच्यासमोर काय ते बोला.

खासनीस : चल तनू. वाटेत थांबू कुठेतरी. रिकाम्या हाताने कसं जायचं? संत्री घेऊ.

तनू : संत्री नको, बाबा. ही कार्पेट घ्या.