सहा खिशांचा झगा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या कारकुनाला शेजारच्या बाकावरचं आजोबा-नातीचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"आजोबा, बसा हो. नंबर येईल आता."

"दिसेना म्हणून शिलाई सोडली, त्याला दहा वर्षं झाली. आता कशाला ऑपरेशन?"

"तुमची तरुणपणची चित्रांची वही सापडली. 'सन दोन हजारच्या बायका.' चंदेरी झगा काय, डोक्यावर एरियल काय."

"हस, हस. तेव्हा वाटायचं तसं."

"पण झग्याला सहा खिसे आहेत."

"तुझी आजी म्हणायची, पुढच्या बायकांचे हात मोकळे असतील."

"अजून कुठे? ही पर्स बघा. मला शिवून द्या तो झगा."

"एरियलसकट?"

"खिसे पुरेत."

कोणाची तरी पावलं जवळ आली, तसा आजोबांचा आवाज आला.

"सिस्टर, ऑपरेशननंतर शिलाई मशीनवर कधी बसता येईल हो?"