किटली खुंटीवरच राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, सभागृह समितीचे चिटणीस साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या बालवर्गाच्या बाई, समोर बसलेले आईबाप, मांडीवर बसलेली मुलं आणि मांडीवरून निसटून खुर्च्यांखाली गेलेली मुलं, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी किटलीची आई. पाहुणे हसले, त्यांचं बरोबर आहे. आमच्या बालवर्गात मुलांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं असतं. कुणाला छत्री, कुणाला शिडी, कुणाला मासा. माझ्या मुलाला किटली. मग आईबापांनाही तीच नावं पडतात. त्या कोपऱ्यात बसले आहेत ते रंगकाम करणारे गृहस्थ, ते शिडीचे बाबा. भर बाजारात त्यांना या नावाने हाक मारली तरी ओ देतात. मी स्वतः पलीकडच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर काम करते. भाषण करणं हा माझा प्रांत नाही. चिटणीस साहेब काल घरी आले आणि म्हणाले, “पालकांच्या वतीने दोन गोड शब्द बोला. रडगाणं नको, निरोपाचा कार्यक्रम आहे.” मी हो म्हटलं. आता इथे उभं राहिल्यावर गोड शब्द कुठे गेले ते कळत नाही. बघते, सापडतात का.

बाईंविषयी काय बोलावं? अध्यक्षांनी आत्ता त्यांना ज्ञानाचा नंदादीप म्हटलं. ते छानच आहे. पण आम्ही त्यांना पाहिलंय ते नाक पुसताना. मुलांची नाकं, आणि एकदा माझंसुद्धा.

माझा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. नवरा दूर रस्त्याच्या कामावर, घरी येतो तेव्हा झोपायलाच येतो. मी दिवसभर मशीनवर, आणि घरी आल्यावर माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. घरात भांड्यांचा आवाज, बाकी सगळं गप्प. लोक म्हणायचे, पोरात काहीतरी कमी आहे. आमच्या बाईंची पद्धत अशी, की मूल वर्गात आलं की त्या मुलाच्या घरी जातात. आमच्या घरी आल्या तेव्हा बसायला जागा नव्हती, म्हणून धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसल्या. मी घरीही चार कपडे इस्त्रीला आणते, ते चाललं होतं. थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, “इस्त्री करताना तुमचं तोंड का बंद असतं हो?”

मी म्हटलं, “बाई, इस्त्रीशी काय बोलायचं?”

“इस्त्रीशी नका बोलू. त्याच्याशी बोला. ही बाही, ही कॉलर, हे बटण तुटलंय, ही बघ वाफ आली. काहीही बोला, पण बोला.”

मला वाटलं, या बाई शिकलेल्या आहेत पण यांचं काहीतरी बिनसलंय. तरी बोलू लागले. आधी लाज वाटायची. शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारायची, कुणी पाहुणे आलेत का? पण बोलत राहिले. आणि एके दिवशी इस्त्री फुसफुसली तेव्हा हा उभा राहिला, बोट केलं आणि स्पष्ट म्हणाला, “वाफ!”

आई नाही म्हणाला. वाफ म्हणाला. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं. पण मी त्याला उचलून वर्गात धावत गेले, ओल्या हातांनी. बाईंनी ऐकलं आणि तिथेच त्याला वाफ सोडणाऱ्या किटलीचं चित्र दिलं. आता तो इतका बोलतो, की त्याला गप्प करायचा काही उपाय असेल तर बाईंनी जाण्यापूर्वी तेवढा सांगून जावा.

टाळ्या नकोत, मला पुढचं बोलायचंय.

पाहुण्यांनी वर्गाचं दार पाहिलं असेल. दाराशेजारी खुंट्या आहेत. सकाळी मूल आलं की टोपलीतून आपल्या चित्राची पाटी शोधतं आणि स्वतः खुंटीवर लावतं. हात पोचत नसेल तर दुसरं मूल त्याला उचलू पाहतं आणि दोघंही पडतात, तो भाग वेगळा. संध्याकाळी मुलाला न्यायला जो येईल त्यानेच ती पाटी खुंटीवरून काढायची आणि टोपलीत टाकायची. म्हणजे मूल घरच्या माणसाच्या हातात पोचलं. खुंटीवर एक जरी पाटी असली तरी बाई दाराला कुलूप लावत नाहीत. हा त्यांचा नियम.

मागे एकदा लॉन्ड्रीत मशीन बिघडलं आणि मालकांनी मला सोडलं नाही. धावत आले तर बाई पायरीवर बसलेल्या, अंगावर ठेवणीतले कपडे, कारण त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हा त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या त्या कपड्यांवर ओल्या मातीची किटली करत होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “आधी खुंटी रिकामी करा, मग दम घ्या.” लग्न केव्हाच लागून गेलं होतं. त्यांनी मला ते सांगितलंही नाही. मला त्यांच्या बहिणीकडून कळलं, आणि तेही चार खोचक शब्दांसकट.

तर असा हा वर्ग. आता अध्यक्ष महोदयांच्या भाषणाकडे वळते. आपण मघाशी फार सुंदर बोललात. आपण म्हणालात, बाईंबरोबर आता बालवर्गालाही विश्रांती मिळेल. बाईंना विश्रांती मिळायलाच हवी. जमिनीवरून उठताना त्यांचे गुडघे वाजतात ते मागच्या रांगेला ऐकू जातं. पण वर्गाला कसली विश्रांती? वर्ग दमतो का, साहेब? टाळ्या वाजल्या त्या गडबडीत ते वाक्य निघून गेलं. मी मात्र तिथेच अडकले. कारण सोमवारपासून ती खोली या सभागृहाच्या नव्या खुर्च्या ठेवायला घेणार आहेत, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे. खुर्च्या गादीच्या आहेत, एकावर एक रचता येत नाहीत, म्हणून खोली लागते. आपण सगळे आत्ता त्याच खुर्च्यांवर बसलो आहोत. मऊ आहेत. खोटं कशाला बोलू?

चिटणीस साहेब मला घड्याळ दाखवतायत. आणि बाई मला खाली बस म्हणून खुणावतायत. बाई, तुमचं सगळं ऐकलं आजवर. आज नाही ऐकत.

समितीविषयी माझ्या मनात राग नाही. इतकी वर्षं ही खोली तुम्ही भाड्याशिवाय दिलीत. तुम्ही दिली नसतीत तर आमच्या मुलांचं काय झालं असतं, हे आम्हाला कळतं. म्हणून तर आज बोलतेय, कारण आता तेच होणार आहे. दुसरा बालवर्ग मोठ्या रस्त्यापलीकडे आहे, दोन बस बदलून जावं लागतं. तिथे मुलाला सोडून मी कामावर पोचेपर्यंत माझ्या जागी दुसरी बाई उभी असेल. मग सोमवारी मी काय करू? कुणीतरी सांगा. हे मी भाषणात विचारतात तसं विचारत नाही, मला खरंच उत्तर हवंय.

शेजारणीकडे ठेवू? ती स्वतः कामाला जाते. घरात कोंडून बाहेरून कडी लावू? माशाची आई सोमवारपासून तेच करणार आहे. खाली बघू नका हो ताई, तुम्हाला कुणी बोल लावत नाही. मी मालकांना विचारलं, मुलाला लॉन्ड्रीत आणू का? ते लगेच म्हणाले, “आण की. टेबलाच्या पायाला मऊ कापडाने बांधून ठेव, मशीनपासून लांब राहील.”

ते वाईट मनाने बोलले नाहीत. काळजीने बोलले. माझा मुलगा सगळ्यात आधी जो शब्द बोलला तो वाफ. त्याला जगात सर्वांत काय आवडत असेल, तर वाफ. त्या मशीनमधून दिवसभर वाफ निघते. मी पाठ फिरवली, गाठ सुटली, तर तो कुठे जाईल हे मला डोळे मिटून सांगता येतं. आणि गाठ सुटली नाही, तर ज्या पोराला बाईंनी बोलतं केलं ते पोर टेबलाच्या पायाशी दिवसभर बसून पुन्हा मुकं होईल. या दोन्हींतलं कुठलं निवडू?

माफ करा. पाणी नको, ठीक आहे मी.

बाई, मला तुम्हाला निरोप द्यायचा नाहीये. हा माझा स्वार्थ आहे, उघड सांगते. पण राहा असंही मी तुम्हाला म्हटलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, कारण तुम्ही हो म्हणाल. आणि मग ते गुडघे घेऊन पुन्हा जमिनीवर बसाल. तुम्ही जा. घरी जा, पाय लांब करून बसा, भाचीकडे जा. वर्ग आम्ही चालवू. महिन्यातून एकदा प्रत्येक पालकाला तुम्ही वर्गात बसवून घ्यायचात, आम्ही कुरकुरत यायचो. त्यातूनच थोडंफार शिकलोय. सोमवारची पाळी शिडीच्या बाबांची आहे. मंगळवारी मी, त्या दिवसाचा पगार गेला तरी चालेल. असं किती आठवडे निभेल ते मला माहीत नाही. बहुतेक फार नाही निभणार. पण सोमवार निभेल. आम्हाला सध्या सोमवारच्या पुढचं दिसतच नाही.

फक्त खोली हवी.

आणि आता ही भेटवस्तू. आज दारात चिटणीस साहेबांनी प्रत्येक पालकाच्या हातात चकचकीत कागदात बांधलेलं काहीतरी दिलं. आठवण म्हणून, असं म्हणाले. प्रेमाने दिलं, त्याबद्दल शंका नाही. मी खुर्चीत बसून उघडलं, तर आत किटलीची पाटी. वर फीत बांधलेली. शिडीच्या बाबांकडे शिडी, माशाच्या आईकडे मासा. साहेब, तुम्हाला नियम माहीत नव्हता, तुमचा दोष नाही. पण आज सकाळी मुलांनी लावलेल्या पाट्या काढून तुम्ही खुंट्या रिकाम्या केल्यात. रिकाम्या खुंटीचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. मूल सुखरूप हातात पोचलं, आता कुलूप लावायला हरकत नाही.

आमचं मूल सुखरूप हातात पोचलेलं नाही.

म्हणून ही पाटी मी परत घेऊन चाललेय. भाषण संपलं की त्या दाराशी जाणार आणि किटली खुंटीवर लावणार. शिडीचे बाबा, तुम्ही आत्ताच उठू नका, माझं संपू दे. माशाची आई, तुम्हीपण बसा. बसा ना सगळे, असं काय करता, अध्यक्षांचा मान राखा. बरं, उभे राहा मग, पण पाट्या खाली पडू देऊ नका.

अध्यक्ष महोदय, खुर्च्यांची अडचण खरी आहे आणि ती आम्ही समजून घेतली आहे. त्यावर आम्ही एक तोड काढली आहे. खुर्च्या आमच्या घरी ठेवा. आमची घरं एका खोलीची आहेत, पण पलंगावर एक बसेल, पलंगाखाली एक आडवी बसेल. प्रत्येक घरी दोन ठेवल्या तर सगळ्या मावतात, आम्ही हिशेब करून पाहिलाय. तुमचा कार्यक्रम असेल त्या दिवशी आम्ही डोक्यावर घेऊन येऊ, पुसून मांडू, संपला की परत नेऊ. एक डाग पडू देणार नाही, कपड्यांवरचे डाग काढण्यात माझा जन्म गेलाय. हसू नका. मी थट्टा करत नाहीये. आमच्या घरी खुर्च्यांना जागा होऊ शकते. खुर्च्यांच्या घरी आमच्या मुलांना नाही का होऊ शकत?

माझा वेळ केव्हाच संपला. समितीने मला बोलू दिलं, इतकी वर्षं खोली दिली, पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. बाई, तुमचे आभार मानायला मी तुमच्या घरी येईन, इस्त्री घेऊन येईन, तोंड उघडं ठेवूनच. भान सुटून काही वेडंवाकडं बोलले असेन तर आईची घालमेल समजून पोटात घाला. आणि आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवते. मी ज्या खुर्चीवर बसले होते, ती घरी घेऊन चाललेय.