आजोबांचा नमुना

चाकूरकडच्या आजोबांचं सांगितलं का तुम्हाला? वासरांना हगवण लावणारा गुरांचा कोरोना विषाणू त्यांच्या मालकांच्या घरातल्या माणसांच्या पोटातही असतो का, हे मी नांदेडच्या प्रयोगशाळेत तपासून राहिले होते. आजोबांच्या घरी वासराचं शेण लगेच मिळालं. पण माणसांच्या शौचाचा नमुना मागितला, तर सगळं घर लाजून आत पळालं.

एकटे आजोबा म्हणाले, "वासरू लाजलं न्हाई, म्या कशाला लाजू? आण माय डबी!"

महिन्यानं त्यांना फोन केला, "आजोबा, वासराला लागण आहे, तुम्हाला नाही."

ते पारावर बसले होते. तिथूनच ओरडले, "ऐका रे! आपला माल चोख हाय! नांदेडच्या मॅडमनं तपासलाय!"

मागून कोणीतरी कळवळून म्हणालं, "मॅडम, आमचा बी तपासा की! म्हातारा लई मिरवून राहिला!"