लिंबूटिंबू आउट होत नाही

हॅलो?… हो, स्वरदाचा बाबाच बोलतोय. कोण?… हां, रविवारी मुलांचे खेळ घेता त्या कुंदाताई. बोला. नाही, मीच तुम्हाला फोन करणार होतो.

नाही, पुढच्या रविवारी ती खेळायला येणार नाही.… बरी आहे. ताप वगैरे काही नाही.… कारण तुम्हीच सांगा. तिच्या मनगटावर वळ कसले आहेत?… हो, वळ. लाल. बोटं दिसतायत सरळ.… अहो, मी काय खोटं बोलतोय?

ती काय सांगणार! घरात आली तीच ओरडत. 'बाबा, मी आउट झाले, मी आउट झाले!' आणि हसत होती. आउट झाल्यावर कोणी हसतं का, ताई? मला वाटलं, हिला कोणीतरी पढवून पाठवलंय, घरी काही बोलू नकोस म्हणून.… मग मी काय समजू?

पकडलं कोणी तिला?… मिहिरने? तो बी विंगचा? अहो, केवढा आहे तो! बैल आहे नुसता.… असेल हो, चांगला असेल. चांगलीच मुलं ओढतात.

एक मिनिट, एक मिनिट. अहो, ऐका ना. पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं? तिची आई गेलीये, जरा सांभाळून घ्या. तिला लिंबूटिंबू ठेवा. सांगितलं होतं की नाही?… मग? लिंबूटिंबू आउट होतो का कधी? की इथे मुलुंडला नियम वेगळे आहेत?

हो, ग्रुपवरचा तुमचा मेसेज वाचला मी. 'सांघिक खेळातून मुलांचा आत्मविश्वास.' आमच्या वेळी खेळून ढोपरं फुटायची, आत्मविश्वास कोणी बघत नव्हतं. आणि शेवटी हे गोल करून बसवता ना, तेव्हा काय विचारता? घरचं विचारता?… 'आज काय आवडलं'? एवढंच?… नाही, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच आमच्या घरात डोकावायचं असतं, म्हणून विचारलं. परवा लिफ्टमध्ये एक बाई तिला विचारत होत्या, आता डबा कोण करून देतं गं तुला.… तुम्ही नाही हो. मी कुठे म्हटलं तुम्ही?

कुठला खेळ होता?… साखळी. म्हणजे ज्याला पकडलं त्याने हात धरायचा आणि मिळून पुढच्याला पकडायचं, तीच ना?… खेळलोय की.… हो, शेवटी सगळे साखळीतच येतात.… हो…

आणि ती?

एकटीच?… दर रविवारी?… म्हणजे सगळी मुलं हात धरून, आणि ही एकटीच पळतेय, आणि मागे कोणीच लागत नाही?… अहो, मग मला सांगायचं ना!… हो. हो, मीच सांगितलं होतं.

मग आज काय झालं?… ती स्वतः गेली? मिहिरच्या समोर जाऊन उभी राहिली?… काय म्हणाली?

…आहे, आहे. ऐकू येतंय. परत सांगा.

'माझी आई मला आउट करायची.' असं म्हणाली?

…करायची हो. हेमांगी सोडायची नाही. पत्ते असोत, सापशिडी असो. ही रडायला लागली की म्हणायची, रडून घे आणि पुन्हा डाव मांड. मी मध्ये पडलो तर मलाच ओरडा.… आता मी खेळतो तिच्याशी. मी हरतो.… हो, मुद्दाम. तिला कुठे कळतंय!… ते पण सांगितलं? गोलात? बघा, मी म्हटलं नव्हतं, घरचं बाहेर येतं!

आणि वळ?… मनगटं धरायला तुम्ही शिकवलं? म्हणजे साखळी तुटत नाही. बरं.… तीच सोडत नव्हती? खेळ संपला तरी?… मिहिरच्या हातावर जास्त आहेत? वाट लागली. आता त्याच्या आईचा फोन येईल मला.

रविवारचं… बघतो. 'नाही' नाही म्हटलं, 'बघतो' म्हटलं. पण त्या मिहिरला एक सांगा, जरा… नको. राहू दे. काही सांगू नका.

थांबा हं. स्वरदा, काय गं? बोलतोय ना मी?… सोड हात. अगं, फोन पडेल माझा!… कुठला खेळ? मी कधी म्हटलं मी खेळतोय?… नाही सोडणार?

ठेवतो, ताई. हिने मला आउट केलंय.